जपानवरून आलेला सावलीतला चहा कडूजहर झाला, चहा खराब आहे का बनवायला चुकलं?

जुळेसोलापूरची_वैनी

नमस्कार मंडळी. आमच्या दिरांचा मुलगा जपानात फुकुओकाला नोकरीला आहे, मागच्या आठवड्यात सुट्टीवर आला तेव्हा आण्णांसाठी म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी चहाचं 50 ग्रॅमचं एक पाकीट घेऊन आला. नाव ग्योकुरो. म्हणाला काकू हे दुकानातलं साधं नाही, यामे म्हणून गाव आहे तिथल्या एका घरच्या शेतातलं आहे, झाडं सावलीत झाकून ठेवतात आणि पानं हातानं खुडतात, जपून वापरा. किंमत विचारली तर तीन हजार येन, म्हणजे आपले सतराशे वगैरे झाले. 50 ग्रॅमला!

आता आण्णा म्हणजे पक्के चहावाले, गिरणीत होते तेव्हापासून दिवसातून चारदा घट्ट दुधाचा आल्याचा चहा. मी मोठ्या हौसेनं पातेल्यात चार कप पाणी उकळलं, दोन चमचे चहा टाकला, दोन मिनिटं उकळू दिलं आणि गाळून दिला. एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला त्यांनी. म्हणाले सूनबाई, हे पालक शिजवलेलं पाणी आहे आणि वरून कडू आहे. मी पण पिऊन बघितला, खरंच कडू, जीभ कोरडी पडल्यासारखी झाली. पोरानं एवढ्या प्रेमानं आणलेलं, तो परत जायच्या आत त्याला नीट करून दाखवावं असं मनात आहे. त्याला विचारलं तर म्हणतो मला फक्त प्यायला येतो, करायला तिथं शेतावरच्या आजी होत्या.

पाकीट सीलबंद होतं पण मागच्या वर्षीच्या खुडणीचं आहे म्हणे. ते जुनं झालं म्हणून खराब झालंय, का इथल्या उन्हानं, का माझंच चुकलं? कुणाला माहिती असेल तर सांगा, चाळीसेक ग्रॅम अजून शिल्लक आहे.

नवीपेठ_कट्टा

वैनी ग्रीन टी कडूच असतो ओ, मी दोन वर्षं झाली रोज पितो. मध आणि अर्धं लिंबू पिळा, काही कळत नाही मग.

हातमाग_कुरुमे

वैनी थांबा, लिंबू पिळू नका आणि फेकू तर अजिबात नका. चहा खराब नाहीये. मी तीन वर्षं कुरुमेला होतो कंपनीच्या कामानं, तिथून यामे अर्ध्या पाऊण तासावर आहे. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं, वडील हातमागावर होते, आणि कुरुमेला सुद्धा कासुरी म्हणून सुती कापड विणतात, सूत आधी बांधून निळीत रंगवायचं आणि मग विणायचं, 1800 च्या आसपास इनोऊए देन नावाच्या बारा तेरा वर्षांच्या मुलीनं ते शोधलं असं तिथं सांगतात. मागाचा आवाज ऐकून मी एका घरात डोकावलो आणि तिथल्याच ओळखीनं पुढं चहाच्या शेतावर गेलो, म्हणून हे सगळं मला डोळ्यानं बघायला मिळालं. सविस्तर सांगतो कारण एकदा झाड कसं वाढवतात ते कळलं की पाणी का उकळायचं नाही ते आपोआप कळतं.

चहाचं झाड मुळांत थिॲनिन नावाचं एक द्रव्य तयार करतं, ते वर पानात येतं. चहाला जी गोडसर, तोंडात पाणी सुटणारी चव असते ती मुख्यतः याची. पण पानावर ऊन पडलं की ह्याच थिॲनिनचं हळूहळू कॅटेचिनमध्ये रूपांतर होतं आणि कॅटेचिन म्हणजे तुरटपणा, तुमची जीभ कोरडी पडली ना ते तेच. मग हे लोक काय करतात, एप्रिलच्या मध्याला नवी पालवी फुटायला लागली की अख्खं शेत झाकून टाकतात. साधारण वीस दिवस. आधी थोडं ऊन आत येऊ देतात आणि मग वाढवत वाढवत शेवटी नव्वद टक्क्यांच्या वर ऊन अडवतात. पानाला ऊन मिळत नाही म्हणून ते आहे तेवढ्या उजेडात जगायला हरितद्रव्य वाढवतं, गडद हिरवं होतं, पातळ आणि मऊ होतं, आणि थिॲनिन तसंच शिल्लक राहतं. हे थिॲनिन पहिल्यांदा सापडलं ते पण ग्योकुरोच्याच पानात, 1949-50 च्या सुमारास क्योतोकडच्या संशोधकांना.

आता बऱ्याच ठिकाणी काळी जाळी टाकतात, आपल्याकडं डाळिंबावर टाकतात तसलीच. पण यामेतला जो पारंपरिक म्हणून विकतात त्याला भाताच्या पेंढ्याच्या चटया लागतात, झाडं पण मशीननं सपाट कापलेली नसतात, मोकळी वाढवलेली असतात, आणि खुडणी हातानंच, वर्षातनं एकदाच. 2015 ला त्याला जपान सरकारचं भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या सोलापुरी चादरीला आहे तसं. मी मे च्या पहिल्या आठवड्यात त्या पेंढ्याच्या मांडवाखाली गेलो होतो. बाहेर रणरणतं ऊन आणि आत एकदम दिवेलागणीसारखं. डोळे सरावायला वेळ लागला. मग दिसलं की सात आठ बायका आहेत, बहुतेक साठीच्या पुढच्या, कमरेला टोपल्या, आणि कुणी बोलत नाही फक्त टक टक टक असा देठ तुटल्याचा आवाज. एक कळी आणि तिच्याखालची कोवळी दोन पानं, तेवढंच. पेंढ्यातनं गळून पडलेली काडी पानावर असली तर ती आधी फुंकरीनं उडवायच्या. घरची म्हातारी सगळ्यात पुढं. तिनं एक पान माझ्या तळहातावर ठेवलं, इतकं मऊ की बोटांमध्ये धरलं तरी जाणवेना.

ती पानं त्याच दिवशी वाफवावी लागतात, नाहीतर काळी पडायला लागतात. वाफवून मग गरम हवेत चोळत चोळत सुकवतात म्हणून तुमच्या पाकिटात ती सुईसारखी दिसत असतील. चार पाच किलो ओला पाला खुडला की एक किलो चहा होतो. जपानात जेवढा चहा होतो त्यात ग्योकुरो एक टक्का पण नाही. म्हणून किंमत.

पद्धत तशी जुनीच आहे, मॅचासाठी म्हणजे पूड करून प्यायच्या चहासाठी पानं झाकायचं शेकडो वर्षं चालू होतं, पण झाकलेल्या पानाचा असा सुईसारखा चहा करायला सुरुवात झाली 1835 ला, क्योतोकडच्या उजी गावाजवळ, यामामोतो घराण्यातल्या चहा व्यापाऱ्यानं केली असं मानतात. नावाचा अर्थ रत्नाचे दव असा काहीतरी होतो.

आता तुमचं काय झालं ते. कॅटेचिन आणि कॅफिन गरम पाण्यात भराभर सुटतं. थिॲनिन कोमट पाण्यात सुद्धा सुटतं. तुम्ही उकळलं म्हणजे वीस दिवस झाकून त्यांनी जे मागं ठेवलं होतं तेच सगळं पुढं आलं. आपला पत्तीचा चहा सीटीसीचा असतो, पूर्ण काळा केलेला, बारीक तुकडे केलेला, तो उकळण्यासाठीच बनवलाय, दूध साखरेला पुरून उरतो. ह्याला तसं करून चालत नाही.

असं करा. पाणी उकळून गॅस बंद करा आणि 50 ते 60 डिग्रीवर येऊ द्या. पोह्याच्या चमच्यानं दोन चमचे, म्हणजे पाचेक ग्रॅम, आणि पाणी फक्त 60 मिली. हो साठच, एक छोटी वाटी पण नाही. हलवू नका, ढवळू नका, दोन सव्वादोन मिनिटं झाकून ठेवा. मग गाळताना शेवटचा थेंब पडेपर्यंत धरून ठेवा, चव त्या शेवटच्या थेंबांत असते. दोन तीन माणसांना दोन दोन घोट येतील. तो पाणी म्हणून प्यायचा नसतो, जिभेवर धरायचा असतो. दुसऱ्यांदा त्याच पानावर जरा जास्त गरम पाणी, अर्धा मिनिट. तिसऱ्यांदा अजून गरम.

आणि मागच्या वर्षीच्या खुडणीची काळजी करू नका, ग्योकुरो खुडल्यावर काही महिने मुरवूनच बाहेर काढायची पद्धत आहे. पण एकदा पाकीट फोडलं की हवा, ऊन आणि ओल लागू देऊ नका. सध्या 42-43 चालू आहे आपल्याकडं, स्टीलच्या डब्यात घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर डबा गार असताना उघडू नका नाहीतर आत पाणी धरेल.

जुळेसोलापूरची_वैनी

बाप रे भाऊ केवढं लिहिलंत, मनापासून धन्यवाद. वाचताना अंगावर काटा आला, त्या आज्यांचं वाचून तर मला मी ते पातेल्यात उकळलं त्याचं फार वाईट वाटलं. दोन प्रश्न. आमच्याकडं थर्मामीटर नाही ताप मोजायचा सोडून, तर 60 डिग्री कसं ओळखायचं? आणि पाणी कोणतं घ्यायचं, नळाला चार पाच दिवसाआड येतं तेव्हा आम्ही साठवून ठेवतो, वापरायला बोअरचं आहे आणि प्यायला जार येतो.

हातमाग_कुरुमे

बोअरचं नको वैनी, आपल्याकडचं बोअर जड आहे, पातेल्याला पांढरा थर बसतो ना तोच क्षार चहाची चव दाबून टाकतो. जपानचं पाणी हलकं असतं. जारचं चालेल. नळाचं उजनीचं घेतलंत तर झाकण न लावता चांगलं उकळा म्हणजे क्लोरीनचा वास जाईल.

थर्मामीटर लागत नाही. उकळलेलं पाणी एका भांड्यातनं दुसऱ्या गार भांड्यात ओतलं की दर वेळी साधारण आठ दहा डिग्री उतरतं. चार वेळा फिरवा, शेवटी स्टीलच्या पेल्यात ओता. पेला हातात धरवत नसेल तर थांबा, जेमतेम धरवतोय असं झालं की ओता चहावर. तिथं त्या आजी सुद्धा असंच करायच्या, पाणी गार करायला वेगळं तोटीचं भांडं होतं त्यांच्याकडं आणि ते तळहातात धरून बघायच्या.

पानमळेवाला

ह्यो विषय बघून र्‍हावलं न्हाय म्हणून लिवतो. आमचा वीस गुंठं पानमळा हाय, आज्यापासनं. खायच्या पानाचं पण अगदी हेच हाय बघा. आरग बेडगकडं बघा न्हायतर आमच्याकडं, येल चढवायचा शेवरीवर, पांगाऱ्यावर, हादग्यावर, ते नुसतं आधाराला न्हाय, सावलीला. जिथं शेवरी मेली आणि ऊन सरळ आत पडलं तिथलं पान जाड हुतं, पिवळं पडतं आणि तिखट लागतं, बाजारात व्यापारी लगीच वळकतो. सावलीतलं पान लुसलुशीत. पण सावली जास्त झाली तरी वंगाळ, येल नुसता वर पळतो, पान लहान हुतं, मग शेवरी छाटावी लागते. म्हंजे कामच ते, रोज मान वर करून बघायचं ऊन किती येतंय. खुडायला पण माणूसच लागतं, अंगठ्याला पत्र्याची नखी लावून एक एक पान. मशीन न्हाय याला.

मला एक सांगा, ते लोक वरीसभर झाकत न्हाईत म्हणता, मग ईस दिवस झाकल्यावर झाडाला तरास हुत न्हाय का? आमच्या येलाला अशी एकदम सावली केली तर तो बसलाच.

हातमाग_कुरुमे

दादा हाच प्रश्न मी तिथं विचारला होता. होतो ना त्रास. झाड त्या वीस दिवसांत स्वतःच्या साठवणीवर जगतं, म्हणून एकदम झाकत नाहीत, टप्प्याटप्प्यानं. आणि खुडणी झाली की झाकण काढून त्याला वर्षभर मोकळं सोडतात, पुन्हा खुडत नाहीत, खत भरपूर देतात. पेंढा पण नंतर जमिनीवर पसरतात, कुजून खत होतं. साध्या चहाच्या शेतात वर्षातनं तीन चार खुडण्या होतात, इथं एक. त्या घरचा मुलगा म्हणाला होता की एक वर्ष जास्त झाकलं तर पुढची दोन वर्षं झाड रुसतं. तुम्ही शेवरी छाटता तसंच ते पेंढा विरळ दाट करतात, आणि ते पण वर बघूनच, मोजमाप घेऊन नाही.

पानमळेवाला

कळलं. एक खुडणी घेऊन सोडून द्यायचं म्हंजे लई मोठं काळीज लागतं. सतराशे काय जास्त न्हाईत मग.

मेडिकलवाली_ताई

वैनी मी फार्मसिस्ट आहे म्हणून एक काळजीची गोष्ट सांगते, आण्णांचं वय काय आहे? ग्योकुरोमध्ये कॅफिन भरपूर असतं. जपानच्या सरकारी अन्नघटक तक्त्यात ग्योकुरोच्या 100 मिली पाण्यात 160 मिलिग्रॅम दिलंय, कॉफीत 60 आणि साध्या सेंचा ग्रीन टीत 20. अर्थात तो एवढा घट्ट करून दोन घोटच प्यायचा असतो, 25 मिलीत 40 च्या आसपास येतं, म्हणजे घाबरायचं कारण नाही, पण छान लागतोय म्हणून वाटीभर दिलात तर रात्रभर झोप नाही आणि बीपी असेल तर छातीत धडधडेल. सकाळी नाहीतर दुपारी द्या, संध्याकाळी पाचनंतर नको. जेवणाबरोबर पण नको, चहातल्या घटकांमुळं जेवणातलं लोह अंगी कमी लागतं, तासाभराचं अंतर ठेवा.

अजून एक, जपानी लोक ती भिजलेली पानं खातात असं वाचलंय. रक्त पातळ करायची वॉरफेरिनसारखी गोळी चालू असेल तर पानं खाऊ नयेत, हिरव्या पानात व्हिटॅमिन के जास्त असतं आणि ते गोळीच्या विरुद्ध काम करतं. आधी डॉक्टरांना विचारा.

जुळेसोलापूरची_वैनी

ताई बरं झालं सांगितलंत. आण्णा 74 चे आहेत, बीपीची गोळी आहे फक्त, रक्त पातळ करायची नाही. दुपारी तीन वाजता करते उद्या.

आणि पानं खातात हे खरं आहे का भाऊ?

हातमाग_कुरुमे

खरंय. तीन वेळा पाणी काढून झालं की पानं वाटीत घेऊन थोडा सोया सॉस नाहीतर मीठ टाकून खातात. हातानं खुडलेली कोवळी पानंच खाता येतात, मशीननं कापलेल्यात देठं येतात ती दाताला लागतात. इथं सोया सॉसची काय गरज, आपली शेंगाचटणी आहे की.

जुळेसोलापूरची_वैनी

झालं मंडळी, आज केला. पहिल्यापासून सांगते.

जारचं पाणी उकळलं, पातेल्यातनं तांब्यात, तांब्यातनं वाटीत, वाटीतनं कपात, कपातनं पेल्यात. ह्या उन्हात पाणी गार व्हायलाच तयार नाही, चार वेळा ओतून पण पेला हातात धरवेना, पंख्याखाली ठेवला अजून तीन चार मिनिटं. आमच्याकडं तो छोटा टीपॉट नाही म्हणून तुपाची चिनीमातीची बरणी, नवीन होती, न वापरलेली, ती घेतली. दोन चमचे पानं टाकली, खरंच सुया आहेत, गडद हिरव्या आणि चकाकणाऱ्या, परवा मी बघितल्याच नव्हत्या. पाणी ओतलं आणि बशी झाकली. दोन मिनिटांनी बशी उचलली तर वास आला तो चहाचा नाहीच, पहिला पाऊस पडून गेल्यावर शेतातनं येतो तसा काहीतरी, थोडा समुद्राकाठचा पण. पानं फुगून उलगडली होती, कळी आणि दोन पानं, जसं भाऊंनी लिहिलंय तसं अख्खं.

गाळणीतनं गाळला, शेवटी बरणी उलटी धरून उभी राहिले, थेंब थेंब पडत होता, पुतण्या म्हणाला काकू अजून एक आहे अजून एक आहे. रंग हिरवा नाही आला, पिवळसर, जरासा गढूळ. तीन देवघरातल्या वाट्या घेतल्या कारण तेवढे छोटे कप नाहीत.

चव कशी सांगू. कडू अजिबात नाही. दाट लागतो, पाणी असून पाण्यासारखा नाही. पुरणपोळीला डाळ शिजवून वरचा कट काढतो ना, मीठमसाला घालायच्या आधी तो जिभेवर घेतला तर जसं तोंड भरून येतं, त्याच्या जवळपास. गोड पण साखरेसारखा नाही. गिळल्यावर दहा मिनिटं घशात राहिला.

आण्णांनी पहिला घोट घेतला आणि काहीच बोलले नाहीत. मला वाटलं परत वाटी खाली ठेवतात. मग दुसरा घोट घेतला आणि डोळे मिटून बसले थोडा वेळ. मग पुतण्याला विचारलं की ज्यांनी खुडलं त्या बाईंचं वय काय रे. तो म्हणाला ऐंशी असेल. त्यावर आण्णा म्हणाले पुढच्या वेळी जाशील तेव्हा त्यांना इथली चादर घेऊन जा, मी पैसे देतो, चांगली जाड बघून घे. पोराचे डोळे भरून आले.

दुसरं पाणी जरा जास्त गरम घातलं, ते पण छान, थोडं तुरट. तिसरं मला आवडलं सगळ्यात जास्त, हलकं होतं. मग पानं काढून त्यावर शेंगाचटणी आणि तेलाची धार, कडक भाकरीच्या तुकड्यावर ठेवून खाल्ली. कोवळ्या मेथीसारखी लागतात, जरा कडसर, मऊ. पानमळेवाले दादा तुम्हाला नक्की आवडतील.

आता सात आठ वेळचा उरला असेल. डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवलाय, वर चिठ्ठी लावली आहे की कुणी उघडू नये. ह्या चाळिशी पार उन्हात गरम चहा नको वाटतो तर हा गार पाण्यात होतो का ओ?

हातमाग_कुरुमे

वाचून फार बरं वाटलं वैनी, आण्णांना नमस्कार सांगा. होतो की. तिथं उन्हाळ्यात पानांवर नुसता बर्फ ठेवतात आणि तो वितळेल तसं सुटू देतात. पाचेक ग्रॅम पानं, वर मूठभर बर्फ, झाकून ठेवा. तिथं तासभर लागतो, सोलापुरात वीस मिनिटांत होईल. कॅफिन पण कमी उतरतं त्यात, आण्णांना चांगलं. फक्त बर्फ जारच्या पाण्याचा करा, बोअरचा नको.

जुळेसोलापूरची_वैनी

आत्ताच ट्रे भरून ठेवला.